मनोऱ्यावरून आप्पा दिसले तेव्हा

आप्पांना त्या चर्चला न्यायचं हे माझ्या डोक्यातून निघालं. आई आधी नको म्हणाली, मग गप्प बसली आणि शेवटी तिनंच पिशवी भरली. त्या दिवसांत आमच्या घरी कुणी काहीही सुचवलं असतं तरी आम्ही ते करून बघितलं असतं. अंगारा झाला होता, ब्राह्मीचं तेल झालं होतं, बेळगावकडचे एक वैद्य झाले होते. मेंदूच्या डॉक्टरांनी तर पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, "हे मागं येत नाही. फक्त सांभाळायचं." पण सांभाळायचं म्हणजे काय, हे डॉक्टर सांगत नाहीत. ते घरी आल्यावर कळतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर एस.टी.चे ड्रायव्हर. मूळचे मुरगूडचे, पण नोकरी लागल्यावर शिवाजी पेठेत दोन खोल्या घेतल्या आणि पेठेचेच होऊन गेले. अंग तालमीतलं. आवाज असा, की गल्लीच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचं माणूस 'व्हय' म्हणायचं. कोल्हापूर-पणजी ही गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली, की आंबोली घाटातलं एकेक वळण त्यांना घरच्या जिन्यासारखं पायाखालचं होतं.

विसरायला त्यांनी चष्म्यापासून सुरुवात केली. मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग माझ्या मुलीचं. मग एका सकाळी ते आईला म्हणाले, "बाई, तुमी कुठल्या गावच्या?" आई त्यांच्यासाठी भाकरी थापत होती. तिनं तवा खाली उतरवला आणि सांगितलं, "नेसरीची." खरंच तिचं माहेर नेसरी. आप्पा म्हणाले, "आमची सासुरवाडी तिथलीच." हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं. नंतर असं रोज व्हायला लागलं आणि तिनं सांगणं बंद केलं.

त्याहून वाईट होतं ते निघून जाणं. कधीही उठायचे, खुंटीवरचा शर्ट अंगात घालायचे आणि "गाडी सुटायची वेळ झाली" म्हणून चालू लागायचे. कधी रंकाळ्यावर सापडायचे, कधी गंगावेशीत, कधी थेट स्टँडवर. तालमीतली माणसं आणून सोडायची. "काकू, आप्पा पणजीच्या फलाटावर हुतं बघा. ड्युटी कुणाची हाय म्हणून इचारत हुतं." सगळे आदरानं सांगायचे, पण दारातून परत जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते आईला दिसायचं. ती पदराचं टोक त्यांच्या मनगटाला बांधून झोपायला लागली. झोपायला म्हणजे आडवी पडायला. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे. मी सकाळी शाळेला जाताना डोकावायचे तेव्हा तिचे डोळे लालभडक असायचे. तीच आधी जाईल, असं मला वाटायला लागलं होतं.

अशात एका दुपारी जेवताना आप्पांनी घास हातात धरला आणि म्हणाले, "त्या मनोऱ्यावर जायचं ऱ्हायलं."

अख्खं वाक्य. कितीतरी आठवड्यांनी. आई माझ्याकडे बघायला लागली.

कुठला मनोरा, ते मला लगेच कळलं. लहानपणी आप्पा गोव्याहून आले की मांडी घालून जेवायचे आणि रस्त्यावरचं सांगायचे. त्यात ते चर्च हमखास असायचं. बांद्याच्या पुढं, गोव्यात शिरल्यावर, रस्ता एका ठिकाणी उंचावरून वळतो आणि खाली नदी, तिच्यापलीकडे भातखाचरं आणि खाचरांच्या पलीकडच्या काठाला ते दिसतं. "पांढरंफेक. एका अंगाला मनोरा हाय, दुसऱ्या अंगाला न्हायच. गवंडी जेवायला गेला आन् परत आलाच न्हाय जणू." त्यांची गाडी तिथं थांबत नव्हती. त्यामुळं ते कधी तिथं गेले नाहीत. म्हणायचे, "एकदा वर चढून बघणार हाय मी, तिथनं माझी गाडी कशी दिसती ते."

पुढं मी चित्रकलेची शिक्षिका झाले. तशा चर्चच्या धाटणीला बरोक म्हणतात, हे पुस्तकात वाचलं. फळ्यावर त्या गोल वळणदार कमानी काढून मुलांना समजावूनही सांगितल्या. पण आप्पांचं चर्च मी बघितलेलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी होती. नवऱ्यानं गाडी दिली. तो मुलीपाशी थांबला आणि आम्ही तिघं निघालो.

आंबोलीचा घाट लागेपर्यंत आप्पा खिडकीबाहेर बघत गप्प होते. घाट सुरू झाला आणि ते सरळ बसले. त्यांचा उजवा पाय हलायला लागला. "दुसरा टाक," ते म्हणाले. मी दुसरा गिअर टाकला. "हॉर्न दे. पुढचं दिसत न्हाय." मी हॉर्न दिला, तर वळणामागून खरंच ट्रक आला. "आता सोड. सोड. एवढं काय धरून बसलीस? गाडी उतरती तिच्या तिच्यानं." त्यांचा आवाज जुना होता. तोच, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. मी आरशात बघितलं तर मागं आईनं तोंडाला पदर लावला होता.

खाली उतरल्यावर एका टपरीपाशी थांबलो. आप्पांनी स्वतः चहा सांगितला. टपरीवाल्याला म्हणाले, "पावणं, साखर जरा कमी." आईनं माझा दंड घट्ट धरला आणि कानात म्हणाली, "हे बरं हुत्यात बघ." मी मान हलवली. मलाही तेच वाटत होतं. डॉक्टरला काय कळतंय, असंसुद्धा मनात येऊन गेलं. आता मागं वळून बघताना वाटतं, त्या चहानंतर आम्ही घरी परतलो असतो तर निदान तेवढी आशा शाबूत राहिली असती.

चर्च आप्पा सांगायचे तसंच होतं. जवळून मात्र थकलेलं दिसत होतं. चुना ठिकठिकाणी काळवंडलेला, भेगांतून नेच्याची पानं आलेली. पण दर्शनी भिंतीचा डौल बघून मी क्षणभर सगळं विसरले. शंखासारख्या वळलेल्या नक्ष्या, त्यांच्यावर लहान होत गेलेले मजले, वर क्रूस. एका अंगाला मनोरा आणि त्याच्या कमानीत काळी घंटा. समोर मोठं अंगण, अंगणात दगडी क्रूस, आणि चहूकडे माणूस नाही.

आप्पांनी दारात वहाणा काढल्या. देवळात काढतात तशा, नीट जोडून. आत गारवा होता. समोरच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत सोन्याच्या मुलाम्याची वेदी, पीळ दिलेले खांब, खांबांना बिलगलेल्या द्राक्षवेली, गुबगुबीत देवदूत, मधोमध मेरीमाता. आईनं लांबूनच हात जोडले. मला म्हणाली, "आंबाबाईसारखीच हाय गं, डोळ्यानं." आप्पा मात्र मधल्या वाटेनं चालत गेले, एका बाकावर जाऊन बसले, पुढच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवला आणि शेजारी कुणी नसताना विचारलं, "कुठं उतरायचं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. घाटातलं सगळं त्या एका प्रश्नात वाहून गेलं होतं.

"आप्पा, मनोऱ्यावर जायचंय ना?" मी विचारलं.

"कसला मनोरा?"

मी तरीही किल्लीच्या शोधात गेले. इतक्या लांब आलो होतो. वर नेलं तर काहीतरी परत येईल, या वेड्या हट्टानं गेले. आईला सांगितलं, "यांच्याजवळ बस." वेदीमागच्या खोलीत एक वयस्कर बाई फुलदाण्या विसळत होत्या. फुलाफुलांचा झगा, पांढऱ्या केसांचा अंबाडा. चर्चची झाडलोट, मेणबत्त्या, घंटा हे सगळं त्याच बघत होत्या. फादर शेजारच्या गावाला गेले होते. मी त्यांना आंटी म्हटलं आणि मनोऱ्यावर जाता येईल का विचारलं. त्या कोकणी-मराठी मिसळून बोलत होत्या. वर कुणाला सोडत नाही म्हणाल्या, जिना वाईट आहे. मी आप्पांचं सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आई बाकावर होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले. तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

"आई, आप्पा?"

तिनं डोळे उघडले. शेजारी बघितलं. मग बाकाखाली बघितलं, लहान मूल शोधावं तसं.

"आत्ता हितं हुतं," ती म्हणाली. "आत्ता. देवीला एवढंच म्हणत हुते की..."

मी दाराकडे पळाले. वहाणा जागच्या जागी होत्या. अंगणात कुणी नाही. चर्चच्या मागं दफनभूमी होती, तिथं गेले. क्रूसांच्या रांगांतून हाका मारत फिरले. एक कुत्रं उठलं आणि लांब जाऊन बसलं. गाडीपाशी गेले, गाडी रिकामी. पलीकडे शाळेची इमारत, सुट्टीमुळं कुलूप. रस्त्यावर आले. एका बाजूला नारळाची झाडं आणि घरं, दुसऱ्या बाजूला खाचरांत उतरणाऱ्या दोन-तीन पायवाटा. एक दारूचं दुकान होतं. तिथल्या माणसाला विचारलं, पांढरा शर्ट, उंच, पायात काही नाही. त्यानं कुणी बघितलं नव्हतं. गल्ल्यावरून उठून तो माझ्याबरोबर वळणापर्यंत आला, घरांतून विचारत. कुणीच बघितलं नव्हतं.

पेठेत ते हरवायचे तेव्हा गल्ली त्यांना ओळखायची. इथं त्यांचं नाव ठाऊक असलेलं एकही माणूस नव्हतं. खिशात फोन नाही, चिठ्ठी नाही. विचारलं तर ते कोल्हापूर डेपो सांगतील किंवा काहीच सांगणार नाहीत. नवऱ्याला फोन लावताना दोनदा भलत्यालाच लागला.

परत आले तेव्हा आई चर्चच्या पायरीवर, आप्पांच्या वहाणांशेजारी बसली होती. रडत नव्हती.

"न्हाय?" तिनं विचारलं.

"सापडतील. लांब गेले नसणार."

ती वहाणांकडे बघत राहिली. मग अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "आता न्हाय घावलं तर बरंच. त्यांचं बी सुटंल."

आणि म्हणता क्षणी तिनं स्वतःच्या तोंडावर फाडकन मारून घेतलं. एकदा नाही, परत परत. मी तिचे हात धरले. आंटींनी तिला मागून मिठीत घेतलं. माझी आई, जिनं कधी आमच्यावर हात उगारला नाही, ती धडपडत होती आणि एकच म्हणत होती, "जीभ झडू दे माझी, जीभ झडू दे." मी तिचे हात सोडले नाहीत.

आंटींनी तिला खाली बसवलं आणि माझा हात धरला. "चल वयर," त्या मनोऱ्याकडे बघत म्हणाल्या. "वयल्यान सगळो गांव दिसता."

मनोऱ्याचं दार इतकं बुटकं होतं की वाकून शिरावं लागलं. आत जांभ्या दगडाचा गोल जिना, भिंतीत दडपलेला. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. पुढं आंटी, मागं मी. त्यांचा एक गुडघा दुखरा होता, प्रत्येक पायरीला त्या भिंतीला हात टेकत होत्या. मला त्यांना ढकलून पुढं जावंसं वाटत होतं आणि वाट मात्र एकाच माणसापुरती होती. कबुतरांच्या विष्ठेचा उग्र वास. मधल्या झरोक्यातून उजेडाची चीर यायची, तेवढ्यापुरतं दिसायचं, परत अंधार. मी मोठमोठ्यानं 'आंबाबाई, आंबाबाई' म्हणत होते. दगडातून माझाच आवाज माझ्याकडे येत होता. जिना संपला तिथं लाकडी शिडी होती. तिची एक पायरी माझ्या पायाखाली कडकन वाजली. वरून आंटींनी हात दिला.

आम्ही घंटेशेजारी उभ्या राहिलो. चारी बाजूंनी कमानी, कठडा गुडघ्याएवढा. वारा भसाभस अंगावर येत होता.

सगळं दिसत होतं. तेच तर वाईट होतं. कापणी झालेली खाचरं लांबवर पसरली होती, पिवळी, मधेमधे पाण्याच्या थारोळ्यांनी चकाकणारी. त्यातून मातीचे बांध वाकडेतिकडे नदीकडे गेलेले. नदीकाठी खारफुटीची गच्च हिरवी झाडी. पलीकडे उंचावर तो रस्ता, ज्याच्यावरून आप्पांनी हे चर्च बघितलं होतं. त्यावरून मुंगीएवढ्या गाड्या चालल्या होत्या. आणि खाचरांत ठिकठिकाणी माणसं होती. सगळ्यांचेच सदरे पांढरे दिसत होते. एक वाकून पेंढ्या बांधत होतं, एक गुरं हाकत होतं, एक नुसतं उभं होतं. यातलं माझं कुठलं?

"आप्पाऽऽ!" मी ओरडले. वाऱ्यानं तो आवाज कुठं नेला कुणास ठाऊक. खाली आईनं तेवढी मान वर केली.

आंटींनी घंटेची दोरी सोडवली. म्हणाल्या, भलत्या वेळी ही घंटा वाजली की गाव समजतं. आग, पूर, मरण, काहीतरी. मला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं आणि दोरी ओढली.

तो आवाज मी कानांनी ऐकला नाही. तो पायातून वर आला आणि दातांत वाजला. कबुतरं फडफडत बाहेर पडली. आंटी एकदा, दोनदा ओढून दमल्या, तेव्हा मी दोरी घेतली. मला कसं ओढायचं ठाऊक नव्हतं. नुसती लटकले. तळहात सोलले ते नंतर कळलं. मी ओढत होते आणि रडत होते, आणि त्या आवाजात माझं रडणं मला स्वतःलासुद्धा ऐकू येत नव्हतं.

मग खाली माणसं आली. घरांतून, नारळाच्या बागांतून, स्कूटरवरून. बायका झग्यांवर ओढणी घेऊन, कुणी हातात विळा घेऊन. अंगणात उभे राहून सगळे वर बघायला लागले. आंटींनी कठड्यावरून ओणवं होऊन त्यांना सांगितलं. कुणी काही उलट विचारलं नाही. मघाचा दुकानदार हात करून वाटण्या करायला लागला, तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे, आणि माणसं पांगली.

"पळय!" आंटी एकदम बोट दाखवत म्हणाल्या, बघ म्हणून. "पळय थंय!"

नदीच्या बाजूच्या बांधावर एक पांढरा ठिपका चालला होता. बाकीची माणसं कामात वाकलेली किंवा घंटा ऐकून उभी राहिलेली. हे एकच माणूस सरळ चाललं होतं, कुणाकडे न बघता, हात अंगापासून जरा लांब धरून, तालमीतली माणसं चालतात तसं. मी ती चाल गर्दीत, अंधारात, कुठंही ओळखली असती.

आप्पा रस्त्याकडे निघाले होते. त्यांना पलीकडचा रस्ता दिसत होता आणि मधली नदी दिसत नव्हती.

आंटी घाईघाईनं सांगायला लागल्या. त्या बांधाच्या शेवटी पाणी अडवायची लाकडी झडप होती. तिच्यापलीकडे बांध फुटलेला. भरती चालू होती. त्या चिखलात गुरं रुततात, म्हणाल्या, माणूस कंबरेपर्यंत गेलं की स्वतःहून निघत नाही.

मी शिडीकडे वळले. आंटींनी माझा दंड पकडला. "तू खाली गेल्यार त्यांका कोण दाखयतलो?"

खरं होतं ते. शोधणारी माणसं खाचरांत उतरली होती, पण मधल्या खारफुटीमुळं त्यांना तो बांध दिसत नव्हता. ती भलतीकडे, वस्तीच्या बाजूला चालली होती. आप्पा कुठं आहेत हे सगळ्या जगात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मी जागा सोडली असती तर जिना उतरून, अंगण ओलांडून, खाचरं पार करेपर्यंत काही उरलं नसतं. मला तिथंच उभं राहायचं होतं. आयुष्यात इतकं कठीण मी दुसरं काही केलेलं नाही. बापाला बुडायला जाताना बघायचं आणि हलायचं नाही.

मी केशरी ओढणी काढली आणि हवेत फिरवली. आंटी घंटा ओढत राहिल्या. खाली एकानं वर बघितलं. मी ओढणी नदीच्या बाजूला फेकल्यासारखी केली, परत परत. तो थांबला, इतरांना हाका मारल्या. ते वळले. डावीकडे जायला लागले, मी जोरजोरात उजवीकडे ओढणी हलवली. ते उजवीकडे आले. मधे एक ओढा होता, तिथं घुटमळले. मी ओरडत होते, "पुढं! पुढं! सरळ!" एक अक्षर त्यांच्यापर्यंत जात नव्हतं.

आप्पा झडपेपाशी पोहोचले होते. तिथं थांबले. मला वाटलं, आता वळतील. वळा आप्पा, वळा. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, रस्ता ओलांडताना बघतात तसं, आणि खाली उतरले.

खारफुटीच्या झाडीनं त्यांना गिळलं. पांढरं काही दिसेना.

ती माणसं अजून ओढ्यापाशी होती. मग त्यातले दोघं सरळ पाण्यात शिरले, पलीकडे निघाले, बांधावर चढले, पळाले. तेही झाडीआड गेले. मग काहीच नाही. नुसती हिरवी झाडी वाऱ्यानं हलत होती. रस्त्यावरून एक लाल बस सावकाश चालली होती. खाली अंगणात आई वहाणा मांडीवर घेऊन माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला वाटत होतं, मला सगळं दिसतंय. मी तिला काय खूण करणार होते? मी तोंड फिरवलं. आंटींनी दोरी सोडली होती आणि त्यांची बोटं जपमाळेवर होती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. झाडीतून आधी एक माणूस मागं मागं चालत निघाला. मग दुसरा. त्यांच्यामधे हातांची बैठक, आणि तिच्यावर आप्पा.

"येता," आंटी म्हणाल्या. "येता तो, येता."

मी घंटेखाली बसले ते मला उठवेना. शेवटी आंटींनी मला शिडीवरून लहान मुलासारखं एकेक पाय ठेवत खाली उतरवलं.

आप्पा छातीपर्यंत काळ्या चिखलानं माखले होते. एका पायाला शिंपल्याची मोठी चीर पडून रक्त येत होतं. आणि ते चिडले होते. "सोडा की राव! प्याशिंजर खोळांबल्यात!" दुकानदार म्हणाला, "बरो आसा, तोंड चालता." तिथं थोडं हसू फुटलं. मी जवळ गेले, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आप्पा, मी. मी हाय."

त्यांनी मला नीट बघितलं. मला वाटलं, आता. आत्ता म्हणतील. ते सौम्यपणे म्हणाले, "बाई, रडू नगासा. पुढच्या गाडीत जागा मिळंल."

आई उठली नव्हती. ती पायरीवरून बघत होती. मग आली, त्यांना विहिरीपाशी घेऊन गेली आणि बादलीवर बादली ओतत धुवायला लागली. खसाखसा. बोटांच्या बेचक्यातून, कानांमागून. आप्पा गारठून कुडकुडत होते तरी ती थांबेना. शेवटी गावातल्या दोन बायकांनी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. कुणीतरी आपल्या नवऱ्याचे कपडे आणले. आंटींनी पेज आणि लोणचं आणलं. आप्पांनी भुरके मारत सगळी पेज संपवली.

मनोऱ्यावर त्यांना नेलं नाही. आंटींनी विचारलंसुद्धा. आई म्हणाली, "नको बाई. आमचं बघून झालं."

परतीला आप्पा सगळा घाट झोपले. आई मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. निपाणीच्या अलीकडे ती म्हणाली, "आता कुठं न्यायचं न्हाय त्यास्नी. औषधाला बी न्हाय, देवाला बी न्हाय." मी बरं म्हणाले.

त्यानंतर कुठं न्यावं लागलंच नाही. पायाची जखम भरायला वेळ लागला, त्यात ते अंथरुणाला टेकले, मग न्हाणीत पडून खुबा मोडला आणि चालणं कायमचं थांबलं. लोक म्हणतात, एका अर्थी सुटलात, आता निघून जायची भीती नाही. लोकांना पाठीच्या जखमा दिसत नाहीत. मी रोज शाळेतून परस्पर तिकडं जाते. चादरीची दोन टोकं मी धरते, दोन आई, आणि त्यांना कुशीवर वळवतो. ते हलके झालेत, पण अंग सोडलेलं माणूस जड लागतं. बोलणं जवळजवळ गेलंय.

परवा वळवताना माझा हात घसरला आणि त्यांना कळ बसली. त्यांनी डोळे उघडले आणि स्टँडवरची एक सणसणीत शिवी हासडली, स्पष्ट, खणखणीत. आई हसली. मी तिला हसताना कितीतरी महिन्यांनी बघितलं. ती पदरात तोंड घालून हसत राहिली, आणि हसता हसताच भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"आज तूच कर बाई सगळं," ती म्हणाली. "माझ्यानं हुईत न्हाय."

मी गरम पाणी आणायला उठले.